चाबूक कोळी ओळखायचा कसा? खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या नवख्यांसाठी

पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की जांबोटी, कणकुंबी, नेरसे अशा कुठल्यातरी गावातून ग्रुपवर एक फोटो येतोच. भिंतीवर चिकटलेला चपटा, काळपट प्राणी, लांबच लांब पाय, पुढे दोन काटेरी हात. खालचा प्रश्नही ठरलेला असतो: "हे काय म्हणायचं? चावलं तर माणूस जातो काय?" मग कुणी विंचवाची जात म्हणतं, कुणी आफ्रिकेतला कोळी म्हणतं, आणि उत्तर येईपर्यंत तिकडे चप्पल उचललेली असते.

तो चाबूक कोळी. त्याला विष नाही, नांगी नाही, जाळं विणायचे अवयवही नाहीत. जास्तीत जास्त काय होईल, तर बळंच हातात धरलात तर काट्यांनी बारीक ओरखडा उठेल. भीती घालवायला एवढं पुरे. पण ज्यांना तो नीट ओळखून त्याची उपयोगी पडेल अशी नोंद करायची आहे, त्यांनी पुढचं वाचावं. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो: चाबकांवर, म्हणजे त्या लांबच लांब बारीक पायांवर भाळू नका, हात बघा. नवखा माणूस त्या लांब चाबकांचेच फोटो काढतो, आणि ओळख पटवायला जे लागतं ते असतं पुढच्या काटेरी हातांवर. नेमके तेच फोटोत अंगाजवळ दुमडलेले आणि काळोखात राहिलेले असतात.

पहिली पायरी: हा तोच आहे का?

कोळी, विंचू, गोचीड हे सगळे अष्टपाद वर्गातले. चाबूक कोळी त्याच वर्गातला, पण खऱ्या कोळ्यांपासून वेगळ्या गणातला. त्या गणाचं नाव ॲम्ब्लिपायगी. हे नाव थॉरेल या स्वीडिश अभ्यासकाने १८८३ मध्ये दिलं. जगभरात याच्या दोनशेहून जास्त जाती माहीत आहेत, आणि सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेले याचे जीवाश्म बघितले तर आजच्या प्राण्याची ठेवण तेव्हाच तयार झालेली दिसते.

समोर आल्यावर आधी पाय मोजा. चालताना टेकणारे पाय फक्त सहा भरतात, आणि म्हणून बरेच जण 'किडा' म्हणून मोकळे होतात. खरं तर पाय आठच आहेत. पहिली जोडी इतकी बारीक आणि लांब झाली आहे की ती चालायच्या कामाची राहिलेली नाही. तेच चाबूक. त्यांच्याही पुढे जे काटेरी हात दिसतात ते पाय नव्हेत, तोंडाजवळचे स्पर्शपाद आहेत. विंचवाचे चिमटे ज्या अवयवापासून बनले, त्याच अवयवापासून हे हात बनले आहेत.

मग मागचं टोक बघा. शेपूट नाही, म्हणजे विंचू किंवा इंगळी बाद. मागे दोऱ्यासारखं शेपूट आणि पुढे जाडजूड चिमटे असतील, तर तो चाबूक-शेपटीचा विंचू. त्याचा गण वेगळा. डिवचला तर तो मागच्या टोकाकडून व्हिनेगरसारखा वास येणारा फवारा मारतो. नावात दोघांच्याही चाबूक असल्यामुळे इंटरनेटवर यांचा घोळ फार होतो. एकाचा चाबूक मागे, दुसऱ्याचे पुढे, एवढं डोक्यात ठेवलं की झालं.

घरात सगळ्यात जास्त फसवतो तो भिंतीवरून सर्रकन आडवा पळणारा मोठा, चपटा, करडा कोळी. पुष्कळदा मादी पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती धरून बसलेली दिसते. तो खरा कोळी आहे. त्याचे आठही पाय साधारण सारखे असतात आणि पुढे काटेरी हात नसतात. घाटातल्या ओल्या दरडीवर शेकड्यांनी दाटीवाटीने बसलेले, तारेसारख्या पायांचे लांबपाये दिसतात. त्यांचं शरीर एकसंध गोळीएवढं असतं, मधे कंबरच नसते. चाबूक कोळ्याची कंबर मात्र चांगली आवळलेली असते. आणि लांब मिशांचा प्राणी उडी मारून गेला तर तो रातकिड्यांच्या नात्यातला. चाबूक कोळी उडी मारत नाही.

हल्ली पुष्कळांकडे जांभळ्या प्रकाशाची, म्हणजे अतिनील टॉर्च असते. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा झगझगतो, चाबूक कोळी तसा झगझगत नाही. त्यामुळे ही टॉर्च त्याला शोधायला निरुपयोगी. तरी ती घेऊनच जा, का ते पुढे येईल.

दुसरी पायरी: कुठे आणि कधी

त्याला तीन गोष्टी लागतात: अंग चपटं करून शिरता येईल अशी फट, तिच्यात टिकणारा ओलावा, आणि बाहेर चालायला उभा पृष्ठभाग. आपल्या पश्चिमेकडच्या भागात या तिन्ही फुकट मिळतात. जांभ्या दगडाचे गडगे, चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणी, जुन्या विहिरींचे कठडे, रस्त्याखालच्या मोऱ्या, मोठ्या झाडाच्या बुंध्यावर सुटलेली साल, पडक्या घराची दगडी जोती. मी नवख्याला नेहमी गावाजवळच्या मोरीपासून सुरुवात करायला सांगतो. जंगलात भटकण्यापेक्षा मोरीची आतली भिंत शांतपणे बघितली तर यश लवकर येतं, आणि रात्री घरचे लोकही ओरडत नाहीत.

खानापूर तालुका, बेळगाव तालुक्याची पश्चिम बाजू आणि सीमेपलीकडचं चंदगड हा सगळा एकच ओला पट्टा आहे. गोकाक-सौंदत्तीकडे जावं तसं सगळं कोरडं होत जातं, जांभा सुटतो आणि वालुकाश्माच्या फटी लागतात. तिकडे शोधायचं तर धबधब्यालगत, नाल्याकाठी, सावलीतल्या कपारींत बघावं.

वेळ म्हणाल तर अंधार पडल्यावर तास-दीड तासाने. दिवसा तो फटीत दडलेला असतो, आणि त्याला बघायला दगड उलटत सुटू नका. उलटलेला दगड पुन्हा तसाच बसत नाही, आतला ओलावा जातो, आणि तुम्ही बघायला गेलेल्या प्राण्याचं घरच मोडतं. हंगाम पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत. मात्र कणकुंबीच्या जुलैत तुम्हालाच उभं राहता येत नाही तिथे कॅमेरा काय काढणार? पावसाने उघडीप दिलेल्या रात्री किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात सोयीचे दिवस.

भीमगड अभयारण्याबद्दल स्पष्ट सांगतो. २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य तळेवाडी-हेम्माडगा-कृष्णापूर परिसरात पसरलेलं आहे. तिथे कर्नाटक वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, रात्री तर नाहीच, आणि तिथला कुठलाही प्राणी डबीत भरायचा नाही. "बारापेडेच्या गुहांत नक्की असतील" असं सांगणारे भेटतील. त्या गुहा रॉटनच्या वटवाघळाचं घर आहेत. १९१३ मध्ये वर्णन झालेलं हे वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं, आणि टॉर्च घेऊन आत गेलेला माणूस त्यांची झोप उडवतो. चाबूक कोळ्यासाठी ही किंमत मोजायची काही गरज नाही, तो तुमच्या परसातल्या गडग्यातही असू शकतो.

मधेच, पण महत्त्वाचं: धोका कशाचा?

चाबूक कोळ्याचा नाही. धोका त्याच्या शेजाऱ्यांचा. ज्या फटीत तो राहतो तीच फट फुरशाला आवडते, तीच लाल विंचवाला. फटीत बोट घालायचं नाही, काठीने चाचपल्याशिवाय हात टेकायचा नाही, पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. अतिनील टॉर्च याचसाठी: भिंतीजवळ बसण्याआधी एकदा फिरवा, विंचू असला तर चमकून दिसेल.

लाल विंचू चावला आणि घाम फुटायला लागला, हातपाय गार पडले, तर मंत्र, कांदा, चुना यांत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून कोकण आणि घाटावरचे मृत्यू खूप कमी झाले, पण औषध वेळेत पोटात गेलं तरच. साप चावला तर प्रश्नच नाही, प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय.

दुसरं म्हणजे माकडताप. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि गोव्यात सत्तरी या आपल्याला लागून असलेल्या तालुक्यांत त्याचे रुग्ण आढळलेले आहेत. तो गोचिडांमधून येतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत असतो. पावसाळ्यानंतर पानगळीच्या रानात गेलात तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी येऊन अंग तपासा, गरम पाण्याने अंघोळ करा. नंतर ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

तिसरी पायरी: जवळ जाणं आणि बघत राहणं

डोक्याला बांधायची टॉर्च घ्या आणि तिच्यावर लाल पारदर्शक कागद लावा. पांढरा झोत थेट अंगावर पडला की तो आधी गप्प बसतो आणि मग एका झटक्यात आडवा पळून फटीत जातो. सरळ पुढे पळत नाही, खेकडा जातो तसा बाजूला जातो, आणि तुमचा कॅमेरा रिकाम्या भिंतीवर राहतो. म्हणून आधी फट कुठल्या बाजूला आहे ते हेरा आणि तिच्या उलट्या बाजूने जवळ या. श्वासाची फुंकर त्याच्यावर जाऊ देऊ नका. भिंतीला धक्का लागला किंवा वारा लागला की त्याला लगेच कळतं.

आता पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. शरीर दगडासारखं स्थिर असतं, पण एक चाबूक सतत हलत असतो: पुढे जातो, थांबतो, बाजूला वळतो, खडकाला टोक टेकवतो, उचलतो. दुसरा बहुधा मागच्या दिशेला ताणलेला. तो आपल्या आठ डोळ्यांपेक्षा या चाबकांच्या भरवशावर जगतो. त्यांवर हजारोंनी संवेदी रोम असतात, आणि वास आणि स्पर्श दोन्ही तिथूनच कळतात. एखादा रातकिडा जवळ आला तर चाबकाचं टोक त्याच्या अंगाला जेमतेम शिवतं, इतकं अलगद की रातकिडा हलतही नाही. मग शरीर हळूच त्याच्या दिशेने वळतं, हात आडवे उघडतात, आणि पुढचं इतकं झटक्यात होतं की आपल्याला फक्त काट्यांत अडकलेला रातकिडा दिसतो.

फोटोच्या घाईत हे बघायचं राहून गेलं तर फार मोठी गोष्ट हुकली असं मी समजतो.

चौथी पायरी: अंग समजून घ्या

वरून बघताना दोन भाग दिसतात. पुढचा शिरोवक्ष, म्हणजे डोकं आणि छाती एकत्र, एकाच कठीण ढालीने झाकलेला. ही ढाल लांबीपेक्षा रुंद, आणि कंबरेच्या बाजूला आत वळलेली. ढालीच्या पुढच्या कडेजवळ मधोमध एका उंचवट्यावर दोन डोळे, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन डोळ्यांचे झुपके. मागचा भाग पोट. ते बारा खंडांचं, पट्ट्या-पट्ट्यांचं दिसतं, आणि कुठलंही शेपूट न येता गोलसर संपतं. पोटाच्या खालच्या बाजूला पुस्तकासारख्या पापुद्र्यांच्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, त्यांची दारं जिवंत प्राण्यात बाहेरून पांढुरक्या रेघांसारखी दिसली तर दिसतात.

त्वचेला चकाकी नाही, ती मातकट वाटते. तिच्यावर शरीरातूनच पाझरून वाळलेल्या स्रावाचा बारीक थर असतो. पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही, घरंगळून पडतो. ओल्या भिंतीवर राहणाऱ्याला हे बरंच सोयीचं.

पायांत बघण्यासारखं बरंच आहे. चालायच्या तीन जोड्या चपट्या आणि आडव्या पसरलेल्या. पकडला गेला तर हा प्राणी गुडघ्याखालच्या ठरावीक सांध्यातून पाय सोडून पळतो, आणि पुढच्या कातीला नवा पाय फुटतो. नवा पाय सुरुवातीला आखूड असतो. चाबूक तुटून पुन्हा उगवला तर त्याच्या बारीक पेरांची संख्या मूळच्यापेक्षा वेगळी भरते. म्हणूनच चाबकाची पेरं मोजून जात ठरवायचा उत्साह नवख्याने करू नये.

आता हात. इथेच थांबा, इथे वेळ द्या. हाताचे पाच भाग: मुळाशी आखूड ट्रोकॅन्टर, मग लांब फीमर, मग पटेला, पुढे टिबिया आणि टोकाला नखासारखा टार्सस. शांत बसलेला असताना फीमर बाहेर आडवा जातो आणि पटेला उलट आत दुमडलेली असते, त्यामुळे दोन्ही हात तोंडापुढे घडी घालून ठेवल्यासारखे दिसतात. प्रार्थना कीटकाचे हात उभे मिटतात, याचे आडवे मिटतात. आपल्याकडच्या मोठ्या चाबूक कोळ्यांत पटेलाचा बराचसा भाग मोकळाच असतो आणि लांब काटे तिच्या टोकाशी एकवटलेले असतात. टिबिया आणि टार्सस त्या काट्यांवर येऊन मिटतात, अडकित्ता मिटावा तसे. भक्ष्य त्या टोकाच्या काट्यांतच सापडतं.

तेव्हा भिंगातून किंवा फोटो मोठा करून स्वतःला एवढंच विचारा: पटेलावरचे लांब काटे टोकाशी आहेत, की मधल्या भागात ओळीने आहेत? फीमरवर काटे मोठे आहेत की नुसते कणीदार उंचवटे? हाताची लांबी शरीरापेक्षा जास्त की कमी? बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तोंडाशी दोन लहान दुमडणारे जबडे असतात. त्यांत विषग्रंथी नाहीत. खालून बघितलं तर पायांच्या मुळांमधे छातीच्या लहान चकत्या दिसतात, त्यातली पहिली चिंचोळी आणि पुढे रोखलेली.

पाचवी पायरी: फोटो

सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो यात फरक आहे. चाबूक दोन्हीकडे पसरलेत, मागे काळोख, हा झाला पहिला. त्याला लाइक मिळतात, नाव मिळत नाही. दुसऱ्यासाठी मोबाईलच्या लेन्सला लावायची मॅक्रो क्लिप पुरते, महागडा कॅमेरा लागत नाही.

एक फोटो अगदी बरोबर वरून, ढाल आणि पोट पूर्ण दिसेल असा. एक उजव्या हाताचा जवळून, शक्यतो हात उघडलेला असताना. तो आपणहून हात उघडतो ते पाणी पिताना, खाताना किंवा चाबूक साफ करताना. चाबूक तोंडातून ओढून काढून साफ करताना तो बराच वेळ एका जागी असतो, तेव्हा तुमचं काम करून घ्या. एक फोटो पायाच्या टोकाचा. आणि एक मापासह: जवळ भिंतीवर पट्टी धरा, पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, पुढे मोजायला तेवढं पुरतं. नाणं प्राण्याच्या पातळीतच हवं, हातभर मागे ठेवलेलं नाणं खोटं माप देतं.

खालची बाजू हवीच असेल, आणि तुम्ही अभयारण्याबाहेर स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेत असाल, तर पारदर्शक डबा त्याच्यापुढे धरून मऊ ब्रशने मागून हलकेच ढकला. खालून फोटो काढून त्याच फटीपाशी सोडा. चिमट्याने पाय धरायचा नाही, तो पाय तोडून देईल. पोटाखाली अंडी किंवा पाठीवर पिल्लं असलेल्या मादीला तर डब्यात घालायचंच नाही.

सहावी पायरी: नाव लावणं

भारतात प्रामुख्याने दोन कुळांकडे बघावं लागतं. एक फ्रायनिकिडी. मोठे, शरीरच दोन-तीन सेंटीमीटर, चाबूक पसरले तर वीतभर जागा सहज व्यापणारे. हातावरचे लांब काटे टोकाशी, आणि पायाच्या टोकाला दोन नखं, नखांमधे मऊ गादी नाही. आपल्या पट्ट्यात ग्रुपवर येणारे फोटो बहुतेक याच कुळातल्या फ्रायनिकस प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) असतात. दुसरं कॅरिनिडी. हे लहान, बहुधा सेंटीमीटरच्या आतले, पालापाचोळ्यात आणि गुहांत राहणारे. यातल्या बऱ्याच जणांच्या नखांमधे चिकटायची गादी असते. कोलकात्याहून ग्रेव्हली या अभ्यासकाने १९११ मध्ये वर्णन केलेली एक जात याच कुळातली. पायाच्या टोकाचा फोटो काढायला सांगितला तो या गादीसाठी.

इंटरनेटवर शोधताना तुम्हाला अमेरिकेतल्या फ्रायनिडी कुळातल्यांचे फोटो जास्त दिसतील, आणि पाळायला विकल्या जाणाऱ्या आफ्रिकेतल्या डेमन प्रजातीचे. फ्रायनिडींच्या पटेलावर मोठमोठे काटे ओळीने असतात. तसा हात तुमच्या फोटोत नसेल तर चेहरामोहरा कितीही मिळताजुळता असला तरी ते नाव चिकटवू नका.

मग जातीचं काय? पश्चिम घाटाच्या बाजूने सगळ्यात आधी तोंडावर येणारं नाव म्हणजे फ्रायनिकस फिप्सोनाय. पोकॉक या ब्रिटिश अभ्यासकाने १८९४ मध्ये वर्णन केलेली जात. नाव फिप्सन यांच्यावरून, जे मुंबईत वाइनचा व्यापार करायचे आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्यांपैकी एक होते. सोसायटीचे नमुने सुरुवातीला त्यांच्याच दुकानाच्या जागेत ठेवलेले असत. पण भारतातून फ्रायनिकसच्या एकाहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करायच्या तर काट्यांच्या आकाराचे, त्यांच्या परस्पर लांबीचे आणि जननांगांचे तपशील सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. मोबाईलच्या फोटोवरून 'फिप्सोनाय' लिहिणारे पुष्कळ आहेत. मी म्हणेन, 'फ्रायनिकस' एवढंच लिहून थांबा. प्रजातीपर्यंतची बरोबर नोंद ही जातीपर्यंतच्या अंदाजापेक्षा कधीही भारी.

त्यातही फसवणाऱ्या गोष्टी आहेत. नुकतीच कात टाकलेला चाबूक कोळी फिकट हिरवट-पांढरा दिसतो, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी 'पांढरी दुर्मीळ जात' म्हणून फोटो टाकतं. शेजारी लोंबकळणारी कात शोधा. तो उलटा टांगून कात टाकतो, त्यामुळे ती बहुधा वरच कपारीला लटकलेली असते. दोन-एक दिवसांत रंग गडद होतो. पिल्लांचे हात आखूड असतात, लांब हात वयानुसार येतात, आणि काही जातींत मोठ्या नराचे हात मादीपेक्षा बरेच लांब होतात. म्हणजे हाताची लांबी बघायची ती पूर्ण वाढलेल्यातच. गंमत म्हणजे वयात आल्यावरही हे प्राणी कात टाकत राहतात, बहुतेक कोळी तसं करत नाहीत.

मादी अंडी पोटाखाली स्रावाच्या पिशवीत चिकटवून तीनेक महिने वागवते. पिल्लं बाहेर पडली की आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच बसतात. पाठीवर पांढरट दाणे दिसणारा फोटो आला की "अंगाला बुरशी आली" असं उत्तर देणारे असतात. ती पिल्लं असतात.

सातवी पायरी: नोंद

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर चढवा, नुसता ग्रुपवर टाकलेला फोटो आठवड्यात हरवतो. ठिकाण लिहिताना आपल्या भागात दोन खड्डे आहेत. पहिला, 'खानापूर' नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. नुसतं 'खानापूर' लिहिलेली नोंद कुणीतरी विट्याकडे नेऊन ठेवतं. जिल्हा आणि राज्य लिहाच. दुसरा, सीमेची रेघ गावागणिक वळत जाते. देवरवाडीच्या वैजनाथ डोंगरावर तुम्ही महाराष्ट्रात असता आणि खाली उतरून बेळगावच्या बाजूला आलात की कर्नाटकात. जातींच्या याद्या राज्यवार होतात, तेव्हा मोबाईलचे अक्षांश-रेखांश जोडलेलेच बरे. इथल्या जुन्या भांडणात पडायची चाबूक कोळ्याला हौस नाही, पण यादी करणाऱ्याला ते लागतं.

फोटोखाली दोन ओळी हव्यात: पृष्ठभाग कसला, म्हणजे जांभा, झाडाची साल की सिमेंटची मोरी. जमिनीपासून उंची, वेळ, पाऊस होता की उघडीप. एकटा की जवळपास आणखी. मादीवर अंडी किंवा पिल्लं असतील तर तारखेसह आवर्जून, कारण आपल्या भागात त्यांचा विणीचा काळ ठरवायला याच नोंदी उपयोगी पडतील.

घरात शिरलेला चाबूक कोळी बाहेर काढायचा तर त्याच्यावर रुंद डबा पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि बाहेर दगडी गडग्यावर सोडा. झाडूने झटकू नका, पाय तुटतात. शेजारच्या अव्वांनी "चेळु, चेळु" (कन्नडमध्ये विंचू) म्हणून ओरड केली तर शेपूट नाही हे त्यांना डब्यातून दाखवा. एकदा बघितलं की पुढच्या वेळी त्या चप्पल उचलायच्या आधी हाक मारतात.

मेलेला सापडला तर टाकू नका. सुकून मोडायच्या आत घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे ते मिळतं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, कॉलेजातल्या शिक्षकांमार्फत तिथे विचारता येतं. अभयारण्यातला मेलेला प्राणीही उचलायचा नाही, तिथे वनरक्षकाला कळवायचं. बाटलीत चिठ्ठी आत टाका, बाहेर चिकटवू नका: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, तारीख, कुणाला सापडला. आणि ती पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलात उतरून जाते.